टीबीच्या गोळ्या चालू आहेत, मग ताटात काय वाढू?

प्रश्न : ताई, आम्ही इचलकरंजीत राहतो. माझे मिस्टर यंत्रमागावर कामाला आहेत, वय ३४. दिवाळीपासून खोकला होता, संध्याकाळी ताप यायचा, रात्री घामाने कपडे भिजायचे. थुंकी तपासली आणि टीबी निघाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू होऊन तीन आठवडे झाले. ताप गेला, खोकलाही कमी आहे. गोळ्या सुरू करताना वजन ४३ किलो भरलं होतं, उंची पाच फूट पाच इंच. डॉक्टर म्हणाले, "आता खाणंपिणं चांगलं ठेवा." चांगलं म्हणजे काय, ते विचारायचं राहून गेलं, मागे रांग होती.

सासूबाईंनी अंडी बंद केलीत, उष्ण पडतात म्हणून. केळं, दही, ताक, भात बंद, कफ होतो म्हणून. डाळ वातूळ. मग उरलं काय? सकाळी चहा-बटर, दुपारी मऊ भाकरी आणि पातळ आमटी, रात्री कण्या. मेडिकलवाल्याने प्रोटीन पावडरचा डबा दिला, ८५० रुपयांचा, पंधरा दिवसांत संपत आला. यांचं काम बंद आहे, दर महिन्याला असा डबा परवडणार नाही. सरकारकडून हजार रुपये मिळतात म्हणे, अजून आलेले नाहीत. यांचं ताट-वाटी वेगळी ठेवली आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. दूध यांना द्यायचं म्हणून मुलांचं कमी केलं. मी बरोबर करते आहे का?

उत्तर : आधी वजनाबद्दल बोलते, कारण पत्रातली ती एक गोष्ट मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त खटकली. पाच फूट पाच इंच, म्हणजे साधारण १६५ सेंटीमीटर उंचीच्या पुरुषाचं वजन ४३ किलो असेल तर त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, १६ च्या खाली जातो. १८.५ च्या खाली गेला की वजन कमी समजतात आणि १६ च्या खाली गेला की गंभीर कुपोषण. "यांची अंगकाठीच बारीक" म्हणून सोडून देण्यातलं हे नाही. पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाल तेव्हा वजन करून घ्या आणि "बीएमआय किती आला?" हे स्वतःहून विचारा. रांग असली तरी विचारा. पायांवर सूज असेल, आधाराशिवाय उठता-चालता येत नसेल, दम लागत असेल, खाल्लेलं पोटात ठरत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. इतकं वजन उतरलेल्या काही रुग्णांना थोडे दिवस भरती करून सावकाश खाण्यावर आणावं लागतं.

सावकाश म्हणते त्याला कारण आहे. बरेच दिवस अर्धपोटी काढलेल्या माणसाला एकाच दिवशी भरगच्च ताट वाढलं तर रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियमसारखे क्षार झपाट्याने खाली जातात आणि ते जिवावरही बेतू शकतं. खाली जे सांगणार आहे ते उद्या सकाळपासून सगळं सुरू करू नका. आठवडाभरात थोडं थोडं वाढवत तिथवर जा, आणि आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता त्यांचं अंग एवढं का उतरलं? टीबीत ताप असतो, आणि तापात शरीर बसल्या जागीही जास्त ऊर्जा खर्च करतं. त्याच वेळी भूक मेलेली असते. खर्च वाढला, आवक आटली. सरपण संपलं की माणूस दाराची फळीसुद्धा चुलीत घालतो, तसं शरीर मग स्वतःचे स्नायू जाळायला काढतं. म्हणून दंड, मांड्या, गालफडं आधी बसतात. याची दुसरी बाजूही आहे. जो आधीच कमी खाऊन कष्ट करतो, त्याच्या शरीरात टीबीच्या जंतूला दाबून ठेवणाऱ्या पेशी कमजोर असतात. आपल्याकडे खूप जणांच्या शरीरात हा जंतू नुसता झोपून असतो. तो कोणाच्या अंगात जागा होतो याच्या कारणांत कुपोषण आपल्या देशात फार वर आहे. आजारपणाने कुपोषण आणि कुपोषणाने आजारपण, अशा फेऱ्यात तुमचे मिस्टर बहुधा खोकला सुरू होण्याच्या आधीपासून असतील. दोन पाळ्यांचं काम आणि मध्ये चहा-बिडी, हे मला पत्रात न लिहिताही दिसतं. बिडी किंवा दारू असेल तर ती आता पूर्ण बंद. दारू आणि या गोळ्या दोन्हींचा भार एकाच यकृतावर पडतो.

खाण्याचं एवढं महत्त्व सांगते म्हणून उलटा अर्थही काढू नका. जंतू मारतात त्या गोळ्याच. एके काळी टीबीच्या माणसाला आरोग्यधामात ठेवायचे. तुमच्या जवळच मिरजेची वानलेसवाडी त्यासाठी ओळखली जायची. मोकळी हवा, दूध, अंडी, विश्रांती, हाच उपचार. मग १९५९ मध्ये मद्रासच्या संशोधन केंद्राने एक तुलना छापली. तीच औषधं घेऊन काही रुग्ण आरोग्यधामात राहिले, काही आपल्या गरीब वस्तीतल्या घरी. घरच्यांचं जेवण हलकं होतं, आराम कमी होता, तरी बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच आलं. तेव्हापासून घरी राहून गोळ्या घेण्याची पद्धत जगभर रुळली, आणि ते योग्यच झालं. पण त्या भरात जेवणाचा विषय डॉक्टरांच्या चिठ्ठीतून पुसला गेला, असं माझं मत आहे. उरलं ते "खाणंपिणं चांगलं ठेवा" एवढं एक वाक्य.

तो विषय चिठ्ठीवर परत आणायला भाग पाडलं झारखंडमधल्या एका अभ्यासाने. 'रॅशन्स' हे त्याचं नाव, निष्कर्ष २०२३ मध्ये आले. २,८०० रुग्णांना गोळ्यांबरोबर दर महिन्याला दहा किलोचं शिध्याचं पाकीट दिलं : तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्के कमी दिसला. तुमच्या घराच्या हिशेबात ५ टक्के म्हणजे दोन किलोच्या थोडं वर. गोळ्यांचे दोन महिने पूर्ण होतील तेव्हा काटा ४५ च्या पुढे गेलेला हवा. सध्या एवढं एकच लक्ष्य ठेवा. दर पंधरा दिवसांनी, एकाच काट्यावर, चपला काढून वजन करा आणि उपचाराच्या कार्डावर मागे लिहून ठेवा. गोळ्यांची संख्याही वजनावरच ठरलेली असते, त्यामुळे वजन चांगलं वाढलं की "डोस तोच ठेवायचा का?" हे विचारायचं.

आता ताट. त्यांच्या उंचीला जे वजन असायला हवं, म्हणजे ५५-५७ किलो, ते धरून हिशेब करायचा. दिवसाला २,२०० ते २,४०० कॅलरी आणि ७० ते ८५ ग्रॅम प्रथिनं. तुम्ही लिहिलेल्या जेवणात माझ्या अंदाजाने याच्या निम्मंही पोटात जात नसेल. चहा-बटरने भूक मरते आणि अंगाला काही लागत नाही. पातळ आमटीत पाणी जास्त, डाळ नावाला. कण्या पचायला हलक्या खऱ्या, पण वाटीभर कण्यांत पाणीच अर्ध्याहून जास्त असतं.

प्रथिनं कुठून येतात ते एकदा लक्षात ठेवा, म्हणजे कोणालाच विचारावं लागणार नाही. एका अंड्यात ६ ग्रॅम. पाव लिटर दुधात ८. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यात ७, आणि वर १७० कॅलरी. कच्च्या डाळीत किंवा कडधान्यात शंभराला २२ ते २४. जाडसर एका ज्वारीच्या भाकरीत ६ च्या आसपास, त्यामुळे भाकरीला नुसतं पोटभरू समजू नका. सोयाबीन या सगळ्यांच्या वर, शंभराला ३६ च्या पुढे. आणि तेला-तुपाचा एक चमचा म्हणजे ४५ कॅलरी. भूक नसलेल्या माणसाच्या पोटात जागा कमी असते, म्हणून त्याच घासात जास्त ऊर्जा घालायची तर तेल-तूपच कामाला येतं. एरवी मी लोकांना तेल कमी करा म्हणते, तुम्हाला वाढवा म्हणते आहे.

सकाळच्या गोळ्या रिकाम्या पोटी चांगल्या लागू पडतात. मळमळ फार होत असेल तर थोडं खाऊन घेता येतात, पण ते तिथल्या सिस्टरना विचारून. गोळ्यांनंतर तासाभराने दोन अंडी आणि तेल लावलेल्या दोन चपात्या. अंड्याची पोळी करा, उकडून द्या, कांदा घालून भुर्जी करा, त्यांना जे जाईल ते. अकराच्या सुमाराला साखर घातलेलं पेलाभर दूध. दुपारी दोन भाकऱ्या, घट्ट डाळ, कूट घातलेली एखादी भाजी, वर लिंबू. चारला शेंगदाणे-गुळाचे दोन लाडू. सहा-साडेसहाला मटकी किंवा हरभऱ्याची उसळ, वाटीभर. रात्री एक भाकरी, डाळ-भात, वर चमचाभर तूप. झोपताना कपभर दूध. एवढं झालं की ८० ग्रॅमच्या पुढे प्रथिनं गेली आणि कॅलरी २,४०० च्या आसपास. मटणा-चिकनचा वार असेल त्या दिवशी पांढरा रस्सा जरूर द्या, फक्त फोडीही खाऊ द्या. रश्श्याने तोंडाला चव येते, पण प्रथिनं फोडीत असतात. आपल्याकडे आजाऱ्याला रस्सा पाजून फोडी बाकीच्यांच्या ताटात जातात, हे मी फार पाहिलं आहे.

एका बैठकीला जेवढं जातं तेवढंच जाईल, आग्रह करून ओकारी आणू नका. दर दोन-अडीच तासांनी थोडं. जेवणाच्या आधी चहा नको, जेवणावरही नको. चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, आणि यांना रक्त भरून यायला ते हवं आहे.

एक अडचण सांगून ठेवते. टीबीच्या रुग्णाची रक्तातली साखर तपासायची असते. झाली आहे का ते कार्डावर बघा, नसेल तर करून घ्या. मधुमेह निघाला तर गुळाचे लाडू, दुधातली साखर हे सगळं बदलावं लागेल. मग मला नाही, तिथल्या डॉक्टरांनाच विचारून बदला.

आता सासूबाई. त्यांच्याशी भांडून काही होणार नाही आणि भांडायचं कारणही नाही. मुलगा डोळ्यांदेखत वाळला, त्यांना काहीतरी करायचं आहे, आणि "हे बंद, ते बंद" हेच त्यांच्या हातात आहे. अंड्याने टीबी वाढत नाही. केळ्याने, दह्याने छातीत कफ होत नाही. खोकल्यात येणारा बेडका फुप्फुसातल्या जखमेचा आहे, ताटातल्या भाताचा नव्हे. दही गार लागत असेल तर फ्रिजबाहेर ठेवलेलं, साधं द्या. डाळीने खरोखर पोट फुगत असेल तर मुगाची द्या, हिंग-जिऱ्याची फोडणी द्या, पण डाळ काढू नका. डाळ आणि अंडी दोन्ही गेल्यावर गरिबाच्या ताटात प्रथिनं उरतच नाहीत.

माझं ऐकाल तर त्यांच्या हातात कामं द्या. हुलग्याचं माडगं त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं येत असणार. हुलगा म्हणजे कडधान्यच, शंभराला २२ ग्रॅमच्या घरातली प्रथिनं. पेजेच्या जागी माडगं गेलं की पथ्यही झालं आणि पोषणही. शेंगदाण्याचे लाडू, नाचणीचं सत्त्व दुधात शिजवून, दाण्याची चटणी तेलाचा हात सढळ ठेवून, हे सगळं त्यांच्याच जुन्या वहीतलं आहे. आणि अंड्याबद्दल डॉक्टरांकडूनच त्यांच्यासमोर वदवून घ्या. पुढच्या फेरीला त्यांना सोबत न्या. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आपल्या घरांत किती फरक पडतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्यांनी कुठून काढा, भस्म, "टीबीवरचं रामबाण" आणलं तर मात्र ठाम राहा. या गोळ्या यकृतावरून जातात. त्यात कशाचीही भर नको. लघवी लालसर-केशरी होते ती गोळीमुळे, त्याला घाबरू नका. पण डोळे पिवळे झाले, सतत उलट्या, अन्नाची शिसारी सुरू झाली, तर "काहीतरी बाधलं असेल" म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. हातापायांना मुंग्या येत असतील तर तेही सांगा. टीबीच्या एका गोळीमुळे बी-६ जीवनसत्त्व कमी पडतं आणि त्याची स्वस्त गोळी सोबत देतात.

प्रोटीनच्या डब्यात विष नाही, जादूही नाही. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा. दोन चमच्यांत किती ग्रॅम प्रथिनं येतात ते तिथे लिहिलेलं असतं. बऱ्याच डब्यांत ते पेलाभर दुधाएवढंच भरतं. अंडं सात रुपयांना धरलं तरी ८५० रुपयांत १२० अंडी येतात, म्हणजे रोज दोन अशी दोन महिने. ज्याला अन्न चावून खाता येतं त्याने डब्यावर पैसे घालवू नयेत. ज्याला नळीने किंवा पातळच द्यावं लागतं त्याची गोष्ट वेगळी.

पैशांचं. ती योजना निक्षय पोषण योजना. २०१८ मध्ये महिन्याला ५०० रुपयांनी सुरू झाली, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. सहा महिन्यांच्या उपचाराला ६,००० रुपये, तीन-तीन हजारांच्या दोन हप्त्यांत थेट बँक खात्यात येतात. पहिला हप्ता उपचाराच्या सुरुवातीलाच मिळायला हवा. तीन आठवड्यांनी आला नसेल तर बहुतेक वेळा खात्याचा नंबर चुकलेला असतो किंवा खातं आधारला जोडलेलं नसतं. पासबुक घेऊन टीबीच्या आरोग्य कर्मचाऱ्याकडे जा आणि नोंद तुमच्या डोळ्यांसमोर तपासायला लावा. तिथेच आणखी दोन गोष्टी विचारा. बीएमआय १८.५ च्या खाली असलेल्या रुग्णांना पहिले दोन महिने जास्त ऊर्जेचा पूरक आहार द्यायची तरतूद आहे, तो तुमच्याकडे मिळतो का? आणि 'निक्षय मित्र' म्हणून कोणी संस्था किंवा व्यक्ती धान्याचं किट देते का? किटसाठी रुग्णाची संमती घेतात. शेजारी कळेल म्हणून पुष्कळ लोक नको म्हणतात. तुम्ही नको म्हणू नका. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, डाळ-तेलाला खिशात हात घालावा लागतो, आणि किटाची खरी मदत तिथेच होते.

वेगळं ताट-वाटी काढून टाका. टीबी हवेतून पसरतो, खोकल्या-शिंकल्यातून. भांड्यातून, कपड्यातून, एका पंगतीला बसल्याने नाही. खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल, सध्या मास्क, मुलांपासून झोपायची जागा वेगळी, एवढं पुरे. खिडकीशी किंवा सोप्यात सगळ्यांसोबत बसले तर दोन घास जास्तच जातील. ज्याला कोपऱ्यात वेगळं वाढलं जातं त्याची भूक परत येत नाही.

मुलांचं दूध मात्र आजच परत सुरू करा. तुमचं चुकलं असं मला म्हणायचं नाही, घरात एकच लिटर असलं की कोणाचं तरी कमी होतं. पण झारखंडच्या त्याच अभ्यासात दुसरी बाजूही तपासली होती. रुग्णांच्या घरातल्या दहा हजारांवर माणसांपैकी काही घरांना तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, काहींना नाही. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला तिथे नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी निघालं. म्हणजे मुलांच्या ताटातली डाळ-अंडं हाही टीबीवरचाच उपाय आहे. चार वर्षांचा मुलगा अंगणवाडीत जात असेल तर तिथला आहार न चुकता घ्या, मुलीने शाळेतली खिचडी पोटभर खावी. दूध सगळ्यांना पुरत नसेल तर मिस्टरांचं एक वेळचं दूध मुलांना द्या आणि त्यांना त्या जागी शेंगदाणे, अंडं किंवा सोयाबीन घातलेल्या पिठाची भाकरी वाढा. सोयाबीन आधी भाजून मगच दळायला द्या, किलोभर ज्वारीत शंभर ग्रॅम पुरे.

शिवाय घरातल्या सगळ्यांची टीबीची तपासणी व्हायला हवी, आणि आजार नाही असं दिसल्यावर तो होऊ नये म्हणून प्रतिबंधक गोळ्या मिळतात. पाच वर्षांच्या आतल्या मुलांचा त्यात पहिला नंबर असतो. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेखच नाही. कोणी सांगितलं नसेल तर आशाताईंना घरी बोलवा.

उल्लेख नाही असं आणखी एक माणूस आहे. मिस्टर काय खातात ते तुम्ही वेळेसकट लिहिलं, मुलांचं लिहिलं. तुम्ही सगळ्यांना वाढून शेवटी बसत असाल आणि टोपात जे उरेल ते घेत असाल. रात्रंदिवस रुग्णाच्या उशाशी तुम्हीच आहात. तेव्हा तपासणीच्या यादीत मुलांबरोबर तुमचं आणि सासूबाईंचं नाव घाला, त्याच काट्यावर दोघींचीही वजनं करून घ्या, आणि रोजच्या उसळीला कडधान्य भिजत घालताना मूठभर तुमच्या वाटणीचं धरा.